भाच्याच्या पोटऱ्या आणि 'स्टेम सेल'चं पॅकेज : कुणाला अनुभव आहे का?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो, तेही भटकंतीच्या धाग्यांवर. आज गरज पडली म्हणून लिहितोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा भाचा, वय सात. चालायला उशिराच लागला, पण घरात सगळे म्हणाले की मुलगे आळशीच असतात. पाचव्या वर्षी जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी घ्यायचा. पोटऱ्या मात्र अशा भरलेल्या की माझे वडील कौतुकानं म्हणायचे, "गडी तालमीत घालायचा." आम्ही सांगलीचे, त्यामुळे हे कौतुक जरा जास्तच. गेल्या दिवाळीत किल्ला करताना मला पहिल्यांदा खटकलं. तो मातीत बसला होता आणि त्याला उठायचं होतं. आधी ओणवा झाला, दोन्ही तळहात जमिनीवर टेकले, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा गुडघ्यावर, मग मांड्यांवर, असा स्वतःच्याच अंगावर शिडी चढल्यासारखा उभा राहिला. उभा राहून हसला. मला काही हसू आलं नाही.

पुढचं थोडक्यात. रक्तातलं सीपीके (स्नायू फाटले की रक्तात उतरणारं एन्झाइम) चौदा हजारांच्या वर आलं. डॉक्टरांनी डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे स्नायू झिजत जाणारा जनुकीय आजार, असं सांगितलं, जनुक तपासणीचं रक्त पाठवलंय, रिपोर्ट यायचाय. स्टिरॉइड सुरू करू म्हणाले. ताई 'स्टिरॉइड' हा शब्द ऐकूनच घाबरलीय.

आता मुद्द्याचं. एका ओळखीच्यांनी मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकचा पत्ता दिला. तिथल्या समुपदेशक बाईंनी रंगीत फाईल दाखवली. कंबरेच्या हाडातून मगज (बोन मॅरो, अस्थिमज्जा) काढणार, त्यातल्या स्टेम सेल (ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी तयार होतात त्या मूळ पेशी) वेगळ्या करणार आणि पाठीच्या कण्यात इंजेक्शननं सोडणार. अशी चार सिटिंग, साडेतीन लाख, राहणं-जेवण वेगळं. "खराब झालेल्या स्नायूंच्या जागी नवे स्नायू तयार होतात," असं त्या म्हणाल्या. दाजी गुंठेवारीतला प्लॉट विकायला निघालेत. सही करायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे, कारण म्हणे सध्या सवलत चालू आहे.

कुणी हे केलंय का? खरंच नवे स्नायू तयार होतात का?

टवाळ_टग्या

उपचाराला महिनाअखेर सवलत म्हणजे तिथेच पाल चुकचुकायला हवी. साडीचा सेल आहे का तो?

आणि आजार स्नायूंचा, मग सुई मणक्यात कशाला? एक अडाणी शंका.

फिजिओ_मुग्धा

धागाकर्ते, आधी एक गोष्ट: सही करू नका आणि स्टिरॉइड लांबवू नका. मी नाशिकला लहान मुलांची फिजिओथेरपी करते, डुशेनची पाच-सहा मुलं नेहमी येतात. प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्टनं आजार बरा होत नाही, पण मूल स्वतःच्या पायांवर दोनेक वर्षं, कधी जास्त चालतं. श्वासाचे स्नायूही उशिरा थकतात. वजन वाढतं, चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, उंची खुंटते, हे सगळं खरं आहे. म्हणूनच ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं. आणि मनानं एकदम बंद तर अजिबात करायचं नाही, ते जिवावर बेतू शकतं.

तुम्ही जे उठणं वर्णन केलंत त्याला गॉवर्सचं लक्षण म्हणतात. पोटऱ्या भरलेल्या दिसतात ती ताकद नसते, स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतुमय ऊती भरत गेलेली असते.

स्टेम सेलबद्दल माझ्यापेक्षा जाणकार इथे आहेत. @बेंचवरचा_बाळू, कुठे आहात?

बेंचवरचा_बाळू

आलो. आधी डिस्क्लेमर. मी डॉक्टर नाही. सहा वर्षं उंदरांच्या स्नायूंतल्या स्टेम सेलवर काम केलंय, त्यातली चार परदेशात. त्यामुळे माझं ज्ञान उंदरापर्यंत पक्कं, पुढे वाचीव.

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर गंमतीशीर आहे: हो, नवा स्नायू तयार होतो. तुमच्या भाच्याच्या पायात तो आत्ताही तयार होतोय, रोज. भानगड दुसरीकडेच आहे.

१९६१ साली अलेक्झांडर मॉरो नावाचा माणूस बेडकाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघत होता. स्नायूचा एकेक तंतू म्हणजे लांबलचक पेशी, त्यात शेकडो केंद्रकं. त्या तंतूभोवती एक पातळ खोळ असते, उशीच्या अभ्र्यासारखी. मॉरोला दिसलं की तंतू आणि खोळ यांच्या फटीत एक छोटी पेशी चिकटून बसलीय, जवळजवळ नुसतं केंद्रकच. त्यानं तिला सॅटेलाइट पेशी म्हटलं. हीच स्नायूची स्वतःची स्टेम सेल. आयुष्यभर झोपून असते. मार लागला, तंतू फाटला की जागी होते, वाढते, तिच्या पिल्लांपैकी बरीचशी एकमेकींत मिसळून तंतू दुरुस्त करतात आणि थोडी पुन्हा खोळीखाली जाऊन झोपतात, पुढच्या वेळेसाठी. २०११ मध्ये दोन-तीन प्रयोगशाळांनी उंदरातल्या फक्त ह्या पेशी मारून बघितल्या. मग इजा केल्यावर स्नायू भरून आलाच नाही. म्हणजे दुरुस्तीचं काम हिच्याशिवाय कुणी करत नाही.

ही पेशी मी हातानं काढायचो. उंदराच्या पायातला दोऱ्याएवढा स्नायू एन्झाइममध्ये तासभर गरम ठेवायचा, मग टोक तापवून गुळगुळीत केलेल्या काचेच्या नळीनं हलकेच ढवळायचं. तंतू सुटे होतात. जिवंत तंतू शेवईसारखा सरळ आणि चकचकीत असतो, मेलेला आखडून काळपट गोळी होतो. नळी आधी घोड्याच्या सीरममध्ये बुडवून घेतली नाही तर तंतू काचेला चिकटतो आणि सकाळपासूनची मेहनत पाण्यात. दोन-तीन दिवसांनी त्या शेवईवरून पेशी उतरून बशीवर रांगायला लागतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि मी आईला फोन केला होता. ती म्हणाली, जेवलास का.

आता डुशेन. तंतूच्या आतला सांगाडा आणि बाहेरची खोळ यांना बांधून ठेवणारं प्रथिन म्हणजे डिस्ट्रॉफिन. शिवणच म्हणा. ह्याचं जनुक माणसातल्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी एक, ७९ तुकड्यांत विभागलेलं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लुईस कुंकेल यांच्या गटानं ते शोधलं. ते बिघडलं की शिवण नाही. मग प्रत्येक आकुंचनाला तंतूचं आवरण फाटतं, आत कॅल्शियम घुसतं, तंतू मरतो. सॅटेलाइट पेशी धावून येतात, नवा तंतू शिवतात. पण त्यांच्यातही तेच बिघडलेलं जनुक! ठिगळ लावायचं तेही त्याच विटक्या कापडाचं. ते पुन्हा फाटतं. आणि २०१५ मध्ये असंही दिसलं की डिस्ट्रॉफिन खुद्द सॅटेलाइट पेशीलाही विभागताना लागतं, म्हणजे शिंपीही अर्धवट. वर्षानुवर्षं हे चाललं की ठिगळांची जागा चरबी घेते. मुग्धाताईंनी सांगितलेली पोटरी ती हीच.

आता क्लिनिकचा दावा ह्यात ठेवून बघा. कंबरेच्या हाडातला मगज भाच्याचाच, म्हणजे जनुक तेच बिघडलेलं. अगदी चमत्कार होऊन त्यातून स्नायू झाला तरी कापड विटकंच. आणि मगजातल्या पेशीचं काम रक्त तयार करणं. टग्याची शंका अजिबात अडाणी नाही.

काकूआजी

वाचतेय. बाळू, "जेवलास का" वाचून डोळ्यांत पाणी आलं. चालू ठेव.

नवी_पहाट

इतकं निराशाजनक का लिहिता? मगजातल्या पेशी स्नायू बनतात असं नामवंत नियतकालिकांत आलेलं आहे, मी स्वतः वाचलंय. विज्ञान रोज पुढे जातंय. आईवडिलांची आशा मोडू नये.

बेंचवरचा_बाळू

नवी_पहाट, आलेलं आहे, खरं आहे. १९९८ मध्ये इटालियन गटानं उंदरात दाखवलं की मगजातल्या थोड्या पेशी दुखावलेल्या स्नायूत जाऊन मिसळतात. त्यावर खूप गाजावाजा झाला. पण पुढची गोष्टही वाचा.

एक मुलगा होता. वर्षाचा असताना प्रतिकारशक्तीच्या गंभीर आजारासाठी त्याला दुसऱ्याचा, म्हणजे निरोगी माणसाचा, मगज बसवला. तो मगज नीट रुजला. बाराव्या वर्षी कळलं की त्याला डुशेनही आहे. म्हणजे नियतीनं नेमका तोच प्रयोग करून ठेवला होता जो तुमचं क्लिनिक विकतंय, आणि तोही चांगल्या कापडाचा, दहा-बारा वर्षं चाललेला. २००२ मध्ये त्याच्या स्नायूची तपासणी प्रसिद्ध झाली. दात्याची केंद्रकं सापडली, हो. किती तंतूंत? हजारात पाच ते नऊ. एवढ्यानं जिना चढता येत नाही.

मी आशा मोडत नाहीये. मला फक्त प्लॉट मोडायला नकोय.

टवाळ_टग्या

शेवटच्या वाक्याला +१.

मग जी खरी स्नायूची पेशी आहे, ती सॅटेलाइट, ती निरोगी माणसाकडून घेऊन टोचली तर? बाप देईल की मांडीतली.

बेंचवरचा_बाळू

बरोब्बर हेच सगळ्यांना वाटलं! १९८९ मध्ये टेरेन्स पार्ट्रिज यांनी डिस्ट्रॉफिन नसलेल्या उंदरांत निरोगी स्नायूपेशी टोचल्या आणि तंतूंत डिस्ट्रॉफिन उमटलं. लगेच माणसांत चाचण्या सुरू झाल्या. सगळ्यांत नीट झालेली एक चाचणी जेरी मेंडेल यांची, १९९५ साली प्रसिद्ध झाली. डुशेनची बारा मुलं. एका दंडात दात्याच्या पेशी, दुसऱ्या दंडात नुसतंच पाणी म्हणा, दर महिन्याला एकदा, सहा महिने. कुठल्या दंडात काय ते मुलांना माहीत नाही. शेवटी ताकद मोजली. दोन्ही दंडांत फरक नाही.

का नाही, ह्यावर माझ्यासारख्या कित्येकांचा पगार निघालाय. टोचलेल्या बहुतेक पेशी पहिल्या दोन-तीन दिवसांतच मरतात. उरलेल्या सुईच्या वाटेपासून मिलिमीटर-दोन मिलिमीटरपलीकडे जात नाहीत. शरीरात सहाशेवर स्नायू आहेत, किती टोचणार? श्वासपटल आणि हृदय तर सुईनं गाठताही येत नाही. वर, परक्या पेशी म्हणून शरीर त्यांना हाकलतं.

आणि मला स्वतःला सगळ्यात चटका लावणारं कारण: बशीत वाढवल्या की ह्या पेशी बिघडतात. २००५ मध्ये पार्ट्रिज आणि मंडळींनीच दाखवलं की उंदराच्या एका तंतूवर बसलेल्या जेमतेम सात सॅटेलाइट पेशी, तंतूसकट दुसऱ्या उंदरात ठेवल्या तर शंभरावर नवे तंतू उभे करतात. सात! पण त्याच पेशी तंतूवरून उतरवून प्लास्टिकवर लाखोंनी वाढवा, मग टोचा: हाती फारसं काही लागत नाही. आपली जागा सोडली की त्या स्टेम सेल राहतच नाहीत, नुसत्या कामगार पेशी होतात. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या हेलन ब्लाउ यांच्या गटानं कडक प्लास्टिकऐवजी स्नायूइतक्याच मऊ जेलवर त्या ठेवल्या, तेव्हा त्यांची ताकद टिकली. म्हणजे पेशीला गादीसुद्धा कळते.

पन्हाळ्याचा_शेतकरी

धाग्याला थोडं अवांतर आहे, पण विचारतो. माझ्या वडिलांना २०१४ च्या भाताच्या कापणीत घोणस चावली. डाव्या पोटरीला. जीव वाचला, पण पोटरीचं मांस सडलं, डॉक्टरांनी तीनदा साफ केलं, मांडीची कातडी लावली. आता तिथं मूठ बसेल एवढा खळगा आहे. दहा वर्षांत भरला नाही. तुम्ही म्हणता स्नायूत स्टेम सेल असतात आणि आपोआप दुरुस्त करतात. मग वडिलांचा का भरला नाही? त्यांचं जनुक तर ठीक आहे.

बेंचवरचा_बाळू

दादा, हे अवांतर नाही, हा ह्या धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न आहे.

तुम्हाला आश्चर्य वाटेल, प्रयोगशाळेत उंदराचा स्नायू मुद्दाम दुखवायचा असतो तेव्हा आम्ही सापाचंच विष वापरतो. नागाच्या विषातला एक घटक, कार्डिओटॉक्सिन, शुद्ध करून बाटलीत मिळतो. नडगीच्या स्नायूत टोचला की दोन दिवसांत तिथले बहुतेक तंतू मेलेले असतात. पाच-सात दिवसांत बारीक नवे तंतू दिसतात, केंद्रकं कडेला नाहीत तर मधोमध रांगेत, माळेसारखी. त्यावरून ओळखायचं की हा नवा माल आहे. तीन-चार आठवड्यांत स्नायू पूर्ववत. इतकं छान का भरतं? कारण हा घटक तंतू मारतो पण ती खोळ, रक्तवाहिन्या, नस आणि खोळीखालची सॅटेलाइट पेशी ह्यांना बऱ्यापैकी सोडून देतो. जुन्या अभ्र्यात नवा कापूस भरायचा, एवढंच.

घोणसवर्गीय सापांच्या विषात वेगळी भानगड असते. त्यातली काही एन्झाइमं खोळच खातात आणि बारीक रक्तवाहिन्या फोडतात. वर तीनदा साफ करावं लागलं, म्हणजे खोळ, पेशी, रक्तवाहिन्या सगळं काढून टाकलं, आणि ते काढायलाच हवं होतं. ज्या पेशींनी भरून काढायचं त्याच गेल्या आणि ज्यात भरायचं ते साचेही गेले. मग शरीर तिथे व्रण बसवून मोकळं होतं. (हे बाटलीतल्या विषाचं बोलतोय. प्रत्यक्ष नाग चावला तरी मांस सडू शकतं, तिथे संसर्ग, सूज सगळंच असतं. कुणी "नाग परवडला" असा अर्थ काढू नका.)

युद्धात स्फोटानं मांडीचा लचका गेलेल्या सैनिकांचं असंच होतं. अमेरिकेत पिट्सबर्गच्या स्टीफन बॅडिलॅक यांनी अशांवर एक वेगळीच युक्ती केली. पेशी टोचल्याच नाहीत. डुकराच्या मूत्राशयातल्या सगळ्या पेशी धुऊन काढल्या, उरली नुसती जाळी. ती खड्ड्यात शिवली आणि लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कसून व्यायाम. २०१४ मध्ये पहिल्या पाच रुग्णांचा निकाल आला, तिघांना ठळक फायदा झाला. पूर्ण स्नायू भरला नाही, थोडाच, पण खुर्चीतून उठणं, पायरी चढणं सुधारलं.

टवाळ_टग्या

डुकराचं मूत्राशय ऐकल्यावर आमच्या मातोश्री म्हणाल्या, "राहू दे तो खळगा."

पन्हाळ्याचा_शेतकरी

समजलं. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले अभ्रा घोणशीनं नेला. आता ते काठी घेऊन बांधावर जातात, तक्रार नाही. धन्यवाद साहेब.

आई_अर्णवची

मी बरेच दिवस लिहू की नको करत होते. कृष्णाकाठ, तुम्ही "कुणी केलंय का" विचारलंत. आम्ही केलंय. दुसऱ्या एका शहरातलं क्लिनिक, तीन सिटिंग, दोन लाख ऐंशी हजार. अर्णव तेव्हा आठ वर्षांचा होता.

पहिल्या दिवशी त्याला कुशीवर पाय पोटाशी घेऊन झोपवलं, मगज काढताना भूल होती, पण नंतर दोन दिवस डोकं दुखत होतं, उलट्या झाल्या. ते म्हणाले असं होतं. घरी आल्यावर तीन महिने खरंच बरा वाटला. कमी पडायचा. आम्ही व्हिडिओ काढून पाठवला, त्यांनी तो आपल्या पानावर टाकला. तो अजून तिथेच आहे.

मग एकदा शांत बसून तारखा जुळवल्या. त्यांनी सिटिंगबरोबरच रोज दोन तास व्यायाम सुरू करायला लावला होता, आणि त्याच सुमारास आमच्या डॉक्टरांनी स्टिरॉइड चालू केलं होतं. त्याआधी आम्ही दोन्हीतलं काहीच करत नव्हतो. कशानं बरं वाटलं ते तुम्हीच ठरवा. दहाव्या वर्षी चालणं थांबलं.

पैसे गेले ह्याचं आता वाटत नाही. पण त्या तीन महिन्यांत तो शाळेत सगळ्यांना सांगत होता की मी पुढच्या वर्षी धावण्याच्या शर्यतीत आहे. ते सांगणं मी थांबवलं नाही.

काकूआजी

बाळ, तू एकटीनं नाही थांबवलंस असं नाही. कुठल्याच आईनं थांबवलं नसतं.

नवी_पहाट

ताई, माझे वरचे शब्द मागे घेते.

कायद्याचं_बोला

भावनिक प्रतिसादानंतर कोरडं लिहितोय, माफ करा, पण उपयोगी पडेल.

भारतात आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी मगज प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा वापर हा 'उपचार' नाही, 'संशोधन' आहे. तो फक्त मंजूर चाचणीतच करता येतो. आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे साडेतीन लाखांची पावती हीच पहिली खूण.

क्लिनिकला विचारा: चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक काय? तो क्रमांक संकेतस्थळावर तुम्हीच उघडून बघा, आजार आणि वयोगट जुळतो का ते पाहा. नैतिक समितीचं मंजुरीपत्र कुठे आहे? काही झालं तर नुकसानभरपाई कोण देणार? लेखी मागा. तोंडी उत्तराला किंमत नाही.

दुसरं, मस्क्युलर डिस्ट्रॉफी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत आहे. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली मुंबईचं केईएम रुग्णालय हे मान्यताप्राप्त केंद्र आहे, तिथे नाव नोंदवून ठेवा. आज औषध नसलं तरी नोंद असावी.

बॉस्टनकर

इथे एका ओळखीच्या कुटुंबात हा आजार आहे म्हणून थोडी भर. २०२३ मध्ये अमेरिकेत एलेव्हिडिस नावाच्या जनुक उपचाराला परवानगी मिळाली, किंमत ३२ लाख डॉलर. रुपये नव्हे. निरुपद्रवी विषाणूत डिस्ट्रॉफिनचं जनुक भरून देतात, पण मूळ जनुक त्यात मावत नाही म्हणून कापून छोटं केलेलं. २०२५ मध्ये, चालणं आधीच थांबलेल्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. तेव्हा "अमेरिकेत सगळं आहे" असं कुणी म्हटलं तर हेही सांगा.

बाळू, स्टेम सेलवाले मग सगळे थांबलेच का? ते यामानाकांच्या पेशींचं काय झालं?

बेंचवरचा_बाळू

थांबले नाहीत, शहाणे झाले. मिलानमध्ये जुलिओ कोसू यांनी स्नायूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या पेशी घेतल्या, ज्या रक्तातून स्नायूत शिरू शकतात. म्हणजे सुईचा प्रश्न सुटला. आजारी कुत्र्यांत निकाल उत्तम होते. मग पाच मुलांवर, त्यांच्या निरोगी भावंडांच्या पेशी देऊन चाचणी झाली. २०१५ मध्ये त्यांनी प्रांजळपणे लिहिलं: बहुतांशी सुरक्षित, डिस्ट्रॉफिन जेमतेम दिसलं, चालण्यात फायदा नाही. एका मुलाला मेंदूत छोटा झटका येऊन गेला, सुदैवानं परिणाम राहिला नाही. मला हा निबंध फार आवडतो. एवढी वर्षं घातली आणि "जमलं नाही" असं सरळ लिहिलं. त्यांनी मुलांच्या आईवडिलांना बिल पाठवलं नव्हतं.

यामानाकांची पद्धत, म्हणजे कातडीची पेशी मागे नेऊन कोऱ्या पाटीसारखी करायची, ह्यात जनुक दुरुस्त करून मग स्नायूपेशी बनवता येते. कापड स्वतःचं आणि विटकंही नाही. मिनेसोटात रिटा पर्लिंगेरो यांचा गट ह्याच वाटेनं गेला. पण अशी पेशी शरीरात गाठ तर बनवणार नाही ना, आणि सहाशे स्नायूंत पोचणार कशी, हे प्रश्न आहेत तिथेच आहेत. तुमच्या भाच्याच्या वेळेत हे येईल का, ह्यावर मी बोलणार नाही. प्लॉट मात्र ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

फिजिओ_मुग्धा

कामाचं थोडं. दंड-बैठका, उड्या, उतारावर धावणं, जिने *उतरणं*, हे सगळं टाळा. स्नायू ताणला जात असताना आकुंचन पावतो तेव्हा सर्वांत जास्त फाटतो. आजोबांना सांगा, तालीम नको. पोहणं चांगलं, कोमट पाण्यात. रोज घोट्याचा आणि गुडघ्यामागचा ताण द्यायचा, रात्री स्प्लिंट (पाऊल ताणून धरणारा कडक साचा). हृदयाची इको आत्ताच एकदा, मग दरवर्षी, तक्रार नसली तरी. आणि जनुकाचा रिपोर्ट आला की ताईंचीही तपासणी करा. सुमारे दोन-तृतीयांश वेळा दोष आईकडून आलेला असतो. तुम्हाला दुसरी बहीण असेल तर तिलाही समुपदेशन लागेल. हे सांगताना "तुझ्यामुळे" असा सूर घरात कुणाचाही येऊ देऊ नका. माझ्यासमोर सासूबाईंनी म्हटलेलं ऐकलंय, म्हणून लिहितेय.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मंडळी, आठ दिवसांनी लिहितोय.

मी आणि दाजी क्लिनिकला जाऊन आलो. 'कायद्याचं बोला' यांचे प्रश्न कागदावर लिहून नेले होते. नोंदणी क्रमांक विचारला तर बाई म्हणाल्या, "हे ट्रायल नाहीये सर, हे प्रूव्हन आहे." प्रूव्हन आहे तर आकडे द्या म्हटलं, तर पुन्हा तीच रंगीत फाईल आणि तेच व्हिडिओ. एका व्हिडिओत एक मुलगा भिंतीला धरून उभा होता. दाजी बराच वेळ तो बघत राहिले. मग बाळूंचा विटक्या कापडाचा प्रश्न दाजींनीच विचारला, माझ्या आधी: "मगज माझ्या पोराचाच ना? मग त्यात तोच दोष नाही का?" बाई म्हणाल्या डॉक्टर राउंडला गेलेत, ते समजावतील. आम्ही पाऊण तास थांबलो आणि एसटी पकडली. प्लॉट आहे.

रिपोर्ट आला. जनुकाचे ४५ ते ५० क्रमांकाचे तुकडे गळालेले आहेत. ताईची तपासणी पाठवली. ताई आणि धाकटी दोघीही एकत्र गेल्या, मुग्धाताईंचा तो शेवटचा परिच्छेद मी आईला आधी वाचायला दिला होता. आई काही बोलली नाही, पण त्या दिवशी दोघींसाठी डबा तिनं करून दिला.

स्टिरॉइड सुरू झालं. भूक राक्षसासारखी लागलीय, कालच मला म्हणाला, "मामा, तुझ्या वाटची पण दे."

बेंचवरचा_बाळू

४५-५० म्हणजे ५१ वा तुकडा वगळून जनुकाचं वाचन पुढे चालू ठेवणारं औषध ज्यांना लागू होतं त्यांच्यातला प्रकार आहे. तसं औषध अमेरिकेत २०१६ पासून आहे, फायदा माफक आणि महाग. पण पुढच्या पिढीच्या औषधांच्या चाचण्यांत हाच गट बऱ्याचदा घेतात. रिपोर्टच्या तीन प्रती काढा आणि केईएमला नोंदवताना हा आकडा आवर्जून सांगा.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

काढतो. एक शेवटचं, मुग्धाताई. स्प्लिंट रात्री काढून फेकतो. खाज येते म्हणतो, सकाळी पलंगाखाली सापडतं. काय करता तुम्ही लोक?

आई_अर्णवची

मी सांगते. आतून लांब सुती मोजा, उलटा घालायचा, म्हणजे शिवण बाहेर येते आणि टोचत नाही. पहिले पंधरा दिवस झोप लागल्यावर घाला, जागेपणी नाही. आणि स्प्लिंटवर त्याच्या आवडीचं स्टिकर त्यालाच लावू द्या. आमच्याकडे जेसीबी होता.

फिजिओ_मुग्धा

मोज्याला +१. घोट्यापाशी लाल डाग वीस मिनिटांत गेला नाही तर स्प्लिंट बदलून घ्या, माप चुकलंय.